तिकडचे लोक मनापासून काम का करत नाहीत?

महाराष्ट्रातल्या एखाद्या संस्थेला मदत पाठवण्याचा विषय निघाला की आपल्या मंडळींत एक वाक्य हमखास ऐकू येते. ‘पैसे द्यायला ना नाही, पण तिकडचे लोक मनापासून काम करत नाहीत हो.’ तिकडचे म्हणजे गावातली आरोग्यसेविका, बालवाडीच्या ताई, नगरपालिकेचा सफाई कामगार, झेडपीच्या शाळेतले गुरुजी. त्यावर उपायही लगेच सुचवला जातो: इन्सेन्टिव्ह लावा, जेवढे काम तेवढेच पैसे द्या, मग बघा कसे सुतासारखे सरळ होतात. आणि मग आपल्याबद्दलचे वाक्य येते. आपण नाही का इथे येऊन बारा-बारा तास राबलो? ते अंगातच असावे लागते.

ही वाक्ये बोलणारी माणसे दुष्ट नाहीत. शिकलेली आहेत, सवड काढून समाजकार्य करतात, स्वतःला पुरोगामी म्हणवतात. म्हणूनच त्याबद्दल लिहावेसे वाटले. माझे मत असे आहे की माणूस कामात जीव ओततो की नाही, हे त्याच्या अंगात काय आहे यापेक्षा इतर गोष्टींवर जास्त ठरते. काम कसे करायचे हे त्याला विचारले जाते का? त्या कामामुळे त्याला मान मिळतो की असलेला जातो? आणि नकोसे झाले तर ते सोडून दुसरीकडे जाता येते का? यातला शेवटचा प्रश्न मॅनेजमेंटच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही. तो कुठे सापडतो हे पुढे सांगते.

आधी त्या पुस्तकांबद्दल. फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे दोनशे इंजिनियर आणि अकाउंटंट मंडळींना दोन साधे प्रश्न विचारले. नोकरीत तुम्हाला विशेष आनंद झाला असा प्रसंग सांगा. आणि विशेष वाईट वाटले असा सांगा. १९५९ मध्ये त्यावर पुस्तक आले. गंमत अशी की दोन्ही उत्तरांतली कारणे वेगवेगळी निघाली. आनंदाच्या प्रसंगांत काहीतरी जमल्याचे समाधान, कौतुक, जबाबदारी, खुद्द कामातली गोडी. वाईट प्रसंगांत कंपनीचे नियम, वरिष्ठांची वागणूक, पगार, कामाची जागा. म्हणजे पगार कमी असला की माणूस कुरकुरतो, पण पगार वाढवला की कुरकुर थांबते, उत्साह येईलच असे नाही. आपल्यापैकी ज्यांनी एमबीए केले आहे त्यांना हे पाठ असेल. या संशोधनावर टीकाही पुष्कळ झाली, आणि ती मला पटते. चांगले झाले की श्रेय स्वतःकडे आणि वाईट झाले की दोष परिस्थितीला, ही माणसाची सवयच आहे, तेव्हा अशा प्रश्नांना अशीच उत्तरे येणार. शिवाय पिट्सबर्गचा इंजिनियर हा काही महिनाअखेरीला वाण्याची उधारी मोजणारा माणूस नव्हे.

इन्सेन्टिव्हबद्दल अधिक नेमका प्रयोग एडवर्ड डेसीने केला, तो १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. एका गटाला मध्यंतरी प्रत्येक सुटलेल्या कोड्यामागे एक डॉलर दिला आणि मग देणे बंद केले. पैसे मिळालेल्या मुलांनी त्यानंतर मोकळ्या वेळात कोड्यांना हात लावणे कमी केले. जे गंमत म्हणून चालले होते त्याचे काम झाले, आणि काम म्हटले की बिनपगारी कोण करणार?

हे निष्कर्ष सगळीकडे सारखे लागू होत नाहीत. मुळात कंटाळवाण्या कामात दर नगामागे पैसे दिले तर नग वाढतात, हे खरेच आहे. प्रश्न येतो तो ज्या कामात डोके आणि प्रामाणिकपणा लागतो तिथे. मी औषधसंशोधनात काम करते. एका कंपनीत असताना (नाव कशाला घेऊ) वरिष्ठांनी ठरवले, की प्रत्येक गटाने वर्षभरात किती रेणू पुढच्या टप्प्यात पाठवले यावर बोनस. त्या वर्षी संख्या छान वाढली. पुढे गेलेल्या रेणूंपैकी काहींचे यकृतावर काय परिणाम होणार आहेत याचा अंदाज गटातल्या पोरासोरांनाही होता, पण डिसेंबरच्या आत ‘थांबा’ म्हणण्यात कुणाचाच फायदा नव्हता. ही माणसे आळशी नव्हती आणि अप्रामाणिकही नव्हती. आदल्या वर्षापर्यंत तीच माणसे वाईट रेणू लवकर मारण्यात अभिमान मानत असत. आमच्या धंद्यात तेच खरे कौशल्य असते.

अर्थात ‘पैशाने काही होत नाही’ असाही याचा अर्थ काढू नये. तो अर्थ मालकांना फार आवडतो. पगारवाढ मागितली की ‘मिशन’ आणि ‘पॅशन’ हे शब्द ऐकू येतात. हेन्री फोर्डने १९१४ च्या जानेवारीत दिवसाला पाच डॉलर जाहीर केले, जवळजवळ दुप्पट, तेव्हा त्याला कामगारांचा उमाळा आलेला नव्हता. सरकत्या पट्ट्यावरचे एकसुरी काम लोकांना सोसेना; १९१३ मध्ये कारखान्यात कामगार सोडून जाण्याचे प्रमाण ३७० टक्क्यांवर गेले होते, म्हणजे एकेका जागेवर वर्षात सरासरी तीन-चार माणसे बदलली जात होती. पाच डॉलरांनी ती गळती थांबली. (सोबत कामगार घरी कसा राहतो, दारू पितो का, हे पाहायला कंपनीची माणसे घरी येत, हेही लक्षात ठेवावे.) या गोष्टीतला मला महत्त्वाचा वाटणारा भाग वेगळाच आहे. फोर्डला दाम वाढवावे लागले, कारण कामगार सोडून जाऊ शकत होते.

कामाबद्दल बोलण्याची मुभा ही नुसती मनाची हौस नाही, हे ब्रिटनमधल्या व्हाइटहॉल अभ्यासांनी दाखवले. १९६७ पासून लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतल्या सुमारे अठरा हजार पुरुषांची तपासणी झाली आणि मग त्यांच्या प्रकृतीवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले गेले. सगळेच पगारदार, सगळ्यांना मोफत आरोग्यसेवा. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतल्या निरोपे आणि दरवानांत हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट होते. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हिशेबात धरूनही फरकाचा मोठा भाग उरलाच. मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली १९८५ पासून दुसरा अभ्यास झाला, त्यात दहा हजारांवर स्त्री-पुरुष होते. त्यात आढळले की आपले काम कसे, कधी, कोणत्या क्रमाने करायचे यावर ज्यांचा ताबा कमी, त्यांच्यात हृदयविकार जास्त. साहेबाला हार्ट अटॅक येतो ही आपली समजूत. आकडे शिपायाकडे बोट दाखवतात.

आता तो शेवटचा प्रश्न. सोडून जाता येते का? याचे मला सापडलेले सर्वांत स्पष्ट विवेचन कुठल्याही बिझनेस स्कूलमधले नाही. ते डॉ. आंबेडकरांचे आहे. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपाततोडक मंडळाने त्यांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावले, भाषणाचा मसुदा पाहून परिषदच रद्द केली, आणि बाबासाहेबांनी ते स्वखर्चाने छापले. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ आपल्या पुस्तकांच्या कपाटात बहुतेकांकडे असते. पण त्यात कामाच्या प्रेरणेबद्दल जो भाग आहे त्याची चर्चा मी क्वचितच ऐकली. जातिव्यवस्था ही श्रमविभागणीच आहे, असे तेव्हा भलेभले म्हणत. आंबेडकर म्हणतात की ही विभागणी कामाची नाही, काम करणाऱ्यांची आहे. त्यात माणसाची आवड, कल, कुवत यांना जागा नाही, सगळे जन्माने ठरलेले. आणि मग ते उद्योगधंद्याच्या दृष्टीने मुद्दा मांडतात: ज्यांना त्या कामाचे काहीच आकर्षण नाही अशी असंख्य माणसे त्यात अडकून पडणे, हे उद्योगव्यवस्थेतले दारिद्र्याहूनही मोठे दुखणे आहे. त्यातही ज्या कामाला समाज हीन मानतो ते करणाऱ्याला त्याची किळस येणार, राग येणार, ते टाळावेसे वाटणार. मन नाही, बुद्धी नाही, तर कामात कौशल्य यायचे कुठून?

मॅस्लोचा गरजांचा पिरॅमिड म्हणून जो सगळीकडे दाखवतात, त्याचा मूळ निबंध १९४३ चा. हर्झबर्ग त्याच्याही नंतरचा. आंबेडकरांचे विवेचन त्या दोन्हींच्या आधीचे आहे, आणि माझ्या मते दोन्हींपेक्षा खोल आहे, कारण ते कामगाराच्या मनातून सुरू न होता त्याला तिथे कुणी आणि कसे बसवले यापासून सुरू होते. (कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्यूई त्यांचे शिक्षक होते, आणि या विचारावर ड्यूईंची छाप आहे. म्हणजे या विचाराचा एक धागा न्यूयॉर्कचाही.) हे पुस्तकी ज्ञान नव्हते. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना साचेखात्यात, म्हणजे मागांवर, घेत नसत. पगार तिथे जास्त. कारण सांगत ते असे, की धोट्यातले सूत तोंडाने ओढून घ्यावे लागते, आणि त्यांचा उष्टा धोटा इतरांना चालणार नाही. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी आंबेडकरांनी हा मुद्दा लावून धरला होता. पुढे १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात औद्योगिक कलहाच्या विधेयकाला विरोध करताना त्यांनी संपाचा हक्क आणि माणसाचे स्वातंत्र्य ही एकच गोष्ट असल्याचे मांडले. काम नाकारता येत नसेल तर ते गुलामीचेच दुसरे रूप.

आता नगरपालिकेच्या सफाई कामगाराकडे पाहा. महाराष्ट्रात लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या जागी त्याच्या वारसाला नोकरी मिळते. ही सवलत कामगारांनी मागून, भांडून टिकवली आहे, आणि ती काढून घ्या असे मी मुळीच म्हणत नाही, कारण ज्या कुटुंबाने दोन-तीन पिढ्या शहराची घाण काढली त्याच्याकडे दुसरी शाश्वती नाही. पण तिचा परिणाम काय होतो? बाप निवृत्त झाला किंवा वारला की मुलाने झाडू हातात घ्यायचा. मुंबईत तर अनेक कुटुंबे पालिकेच्या वसाहतींत राहतात, ते घर नोकरीला बांधलेले. मुलगा पदवीधर असेल, त्याला वेगळे काही करायचे असेल, पण त्याने नोकरी नाकारली तर म्हातारी आई राहणार कुठे? अशा रीतीने तो पहाटे साडेसहाला हजेरीच्या चौकीवर उभा राहतो. आणि मग कुणीतरी परदेशातून सुट्टीला आलेला पाहुणा गॅलरीतून त्याच्याकडे बघून म्हणतो, की याचे कामात लक्ष नाही.

काम न सोडता येणे म्हणजे काय, याची एक सौम्य चव आपल्यालाही आहे. अमेरिकेत एच-वन-बी व्हिसा मालकाने मागितलेला असतो. नोकरी गेली तर २०१७ पासून जास्तीत जास्त साठ दिवसांची मुदत मिळते, त्यात दुसरा मालक शोधा नाहीतर घर आवरा. ग्रीन कार्डात कोणत्याही एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांहून जास्त जागा नाहीत, त्यामुळे भारतीयांची रांग दशकाहून लांब. नोकरी बदलता येते, पण नव्या मालकाने कागदपत्रे बहुतेक पहिल्यापासून करायची, आणि रांगेतली जुनी तारीख टिकवण्याची धाकधूक वेगळी. सफाई कामगाराची नोकरी गेली तर घर जाते. इथे देश जातो, आणि शाळेत रमलेल्या मुलांचे काय करायचे हा प्रश्न पडतो.

या काळात आपली माणसे कशी वागतात हे मी पंधरा-सोळा वर्षे बघते आहे. बैठकीत सगळ्यात जास्त मान डोलावणारे आपण. शनिवारी कुणी यायचे, तर आपण. एकदा एक अमेरिकन वरिष्ठ मला कौतुकाने म्हणाले होते, की तुमचे लोक किती कष्टाळू, कधी तक्रार म्हणून करत नाहीत. आणि मग ग्रीन कार्ड येते. तोच माणूस सहा महिन्यांत वरिष्ठांना सांगू लागतो, की हा प्रयोग करण्यात अर्थ नाही. साडेपाचला मुलीला पोहायला न्यायला निघतो. कुणी नोकरी सोडून स्वतःचे काहीतरी सुरू करतो, आणि तिथे चौदा तास राबतो, पण चेहरा निराळा असतो. अंगातले काही बदललेले नसते. फक्त एक कार्ड पोस्टाने आलेले असते. ‘ते अंगातच असावे लागते’ म्हणणाऱ्यांनी याचा जरा विचार करावा. आपल्या कष्टाळूपणाचा बराच भाग भीतीचा होता, आणि भीतीतून केलेले काम दिसायला भरपूर दिसते.

ज्यांना कामच करू दिले नाही त्यांच्याबद्दलही एक वाक्य. २०१५ पर्यंत एच-फोर व्हिसावरच्या जोडीदारांना इथे नोकरीची परवानगीच नव्हती. यात बहुतेक बायका. डॉक्टर, आर्किटेक्ट, प्राध्यापक. वर्षानुवर्षे घरी बसून त्यांचा आत्मविश्वास कसा झिजला हे आपल्यातल्या अनेक घरांना ठाऊक आहे, फक्त आपण त्याला ‘तिला घरातच आवडते’ असे नाव दिले.

आपली रांग आणि त्या कामगाराची पिढीजात सक्ती एकाच तागडीत घालावी असे मला म्हणायचे नाही. आपण स्वतःहून आलो, पगार चांगला, आणि रांग संपते. हाताने मैला साफ करून घेण्याविरुद्ध १९९३ आणि २०१३ असे दोन कायदे होऊनही गटारात उतरून माणसे मरतात, आणि ती कोणत्या जातींची असतात हे सगळ्यांना माहीत असते. तुलना एवढ्यासाठीच केली, की इतक्या सुखवस्तू बंधनानेही आपली जीभ जड झाली, तर इतरांना आळशी म्हणताना आपण कशाच्या आधारावर म्हणतो?

पुन्हा देणगीकडे येते. ‘जेवढे काम तेवढे पैसे’ हा प्रयोग महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर झालेला आहे. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात आशा कार्यकर्ती आल्या. त्यांना कर्मचारी म्हणायचे नाही, स्वयंसेविका म्हणायचे, आणि मोबदला कामागणिक: दवाखान्यातली बाळंतपणे, लसीकरण, बाळाच्या घरी ठरलेल्या भेटी. ज्याचा दर ठरला नाही ते काम, म्हणजे रात्री दोनला आलेला फोन, रुसलेल्या सासूची समजूत, दवाखान्यात ताटकळलेले चार तास, हिशेबात येत नाही. करोनाच्या काळात त्या घरोघर फिरल्या. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या आशांनी संप केला. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या सर्व आशांचा गौरव केला. ठरावीक मासिक मोबदल्यात राज्याने नंतर वाढ केली, तीही संप आणि मोर्चे झाल्यावर. म्हणजे मान जिनिव्हाहून आला आणि पैसे आझाद मैदानातून.

याच्या शेजारी गडचिरोली ठेवून पाहावी. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला, तो १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. काम करणाऱ्या गावातल्याच, थोडे शिकलेल्या बाया. मला त्यात सर्वांत बोलकी वाटते ती एक गोष्ट: जंतुसंसर्ग ओळखून अँटिबायोटिकचे इंजेक्शन देण्याचा निर्णय त्या बाईकडे सोपवला होता. डॉक्टरकीतले जे आपण अगदी जपून ठेवतो ते तिला शिकवले, आणि तिच्यावर विश्वास टाकला. नवजात बाळाच्या भेटींची जी पद्धत आज आशा राबवतात तिचे मूळ तिथलेच. मात्र ती देशभर नेताना भेटी मोजणे आले, इंजेक्शन मागे राहिले.

म्हणून यंदा मदतीच्या अर्जात आपण ‘कार्यकर्त्यांना कामगिरीनुसार मोबदला देता का?’ असा रकाना घालणार असू, तर माझा त्याला विरोध आहे. त्याऐवजी तीन साधे प्रश्न घालावेत असे मी सुचवते. कार्यकर्त्यांना दरमहा ठरलेला पगार किती आणि तो वेळेवर मिळतो का? गेल्या वर्षभरात त्यांच्या सांगण्यावरून कामाची कोणती पद्धत बदलली? आणि जे सोडून गेले ते कुठे गेले? तिसऱ्या प्रश्नाला ‘आमच्याकडून कुणी सोडून जातच नाही’ असे उत्तर आले, तर खूश होण्याआधी एक फोन करावा, आणि तो संस्थाचालकांना न करता तिथल्या एखाद्या ताईंना करावा.